सव्वा मुठीचा वाटा

"मम्मी, जो ने, तू मोबाईलमां!" पलक म्हणाली, आणि रंजिताच्या पायाखालचं पिकोचं मशीन थांबलं.

चार वर्षांची पोर. सुरतेच्या बालवाडीतली गुजराती तिच्या जिभेवरून अजून उतरलेली नव्हती, आणि काकूचा मोबाईल हाती लागला की तिला दुसरं काही लागत नसे. काकू मागच्या अंगणात कानबाई देवीच्या पूजेची पितळी भांडी घासत होती. कानबाई कालच, सोमवारी सकाळी, वाजतगाजत नदीवर विसर्जनाला गेली होती, घरात अजून झेंडूचा आणि तळणाचा वास होता. रंजिताने मोबाईल घेतला तो पलकच्या हातून काढून ठेवायचा म्हणून. पण खरंच तीच होती त्यात. मान थोडी वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि तोंडाशी काकूचा हात, हातात रोटाचा, कानबाईच्या गोड प्रसादाचा, तुकडा. आपण झोपेत कशा दिसत असू हे माणसाला कधी कळत नाही, तसं तिला तो चेहरा आपला वाटेना. फोटोच्या वर ठळक अक्षरं होती: 'काकूंनी मोडली जुनी रीत! सासरी गेलेल्या लेकीला भरवला कानबाईचा रोट. अशा काकू घराघरात हव्यात. शेअर करा.' पान कुठलं, तर 'आमनं खान्देश'. खाली लाल बदाम, हात जोडलेले, टाळ्या, मोजदाद हजारांत. कुणा जळगावच्या बाईने लिहिलं होतं, डोळ्यात पाणी आलं. कुणी विचारलं होतं, ही ताई कोणाची, कोणत्या गावाची? कुणी उत्तरही दिलं होतं. लोक किती तत्पर असतात. रंजिताचं अंग बसल्या जागी गार पडलं, आणि तिला पहिल्यांदा आठवलं ते एवढंच की सुईखाली अडकलेली साडी शिक्षिकाबाईंची आहे, धागा ओढला जाईल.

दिवाळीपासून ती या घरात होती, आणि दिवाळीपासून पुढच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी बंद होती. नंदुरबारच्या या नव्या वसाहतीत सिंधुबाई काकू एकटी राहायची. सख्खी काकू नव्हे. आडनाव एक, कुळ एक, पण नातं लावायचं तर वडिलांच्या चुलत्यापर्यंत मागे जावं लागे. म्हणूनच रंजिता इथे आली होती. माहेरी शहाद्याकडच्या गावात तिचा नवरा योगेंद्र पहिल्याच दिवशी जाऊन आला होता, सख्ख्या आत्याकडे, मावशीकडे जाऊन आला होता. या काकूचं त्याला नावही ठाऊक नव्हतं. लग्नाच्या गर्दीत पाया पडलेल्या शंभर बायकांतली ती एक. काकू शेजारपाजारी 'भाची उनी शे' म्हणायची. पिको-फॉलच्या साड्या तीच घरोघरून आणायची आणि पोचवायची. रंजिताने सुरतेचं सिम वाटेतल्या एका नदीच्या पुलावरून फेकलं होतं. रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढून फेकताना तिला वाटलं होतं की आपण स्वतःलाच पाण्यात सोडतोय, आणि फार बरं वाटलं होतं. माणूस नाहीसं होऊ शकतं हे तिला तेव्हा कळलं. नाहीसं होण्यासारखं सुख नाही. ती स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत, मोरीपासून मशीनपर्यंत एवढ्याच जगात हिंडायची आणि तिला कशाची उणीव वाटायची नाही. हिवाळ्यात शहराबाहेर मिरच्या वाळत पडल्या की वाऱ्याबरोबर त्यांचा तिखट खाट यायचा, सगळी वसाहत खोकायची, आणि बंद खिडकीआड तीही खोकायची. तेवढाच तिचा बाहेरच्या लोकांशी संबंध.

सुरतेला मात्र ती कायम दिसत असे. योगेंद्रला फोटोंचा नाद होता. नाद म्हणणं चुकीचं, नाद असलेला माणूस रमतो. हा रमत नसे, हिशेबाने काढत असे. दर रविवारी डुमसच्या दर्यावर नाहीतर मॉलमध्ये जायचं, आणि मोबाईल लांब धरून तो म्हणायचा, "हस." एकच शब्द. गाडीत येताना कानशिलात वाजवलेली असायची, कानात अजून शिट्टी चालू असायची, आणि समुद्राकडे पाठ करून ती हसायची. पलक कडेवर असायची, तीही हसायला शिकली. बोलायच्या आधी शिकली. मोबाईल वर गेला की पोरीचे ओठ आपोआप फाकत. घरी परतेपर्यंत फोटो टाकून झालेला असे, खाली 'माझं विश्व', आणि नंदुरबार-धुळ्याकडची सगळी नातलगमंडळी बदाम टाकत असत. त्या बदामांना तो रात्री जेवताना एकेक करून वाचून दाखवायचा. तुझा भाऊ बघ काय म्हणतो. 'मेड फॉर इच अदर' म्हणतो. एकदा, फक्त एकदा, रंजिताने हिलालदादाला माहेरच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जेवढं भावाला सांगता येतं तेवढं. त्याने ऐकून घेतलं. मग मोबाईल काढून रविवारचा फोटो तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, "पन आठे तं चांगली हसी ऱ्हायनी तू." हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरसाच खोटं बोलत होता, आणि कांकण कुणी बघत नव्हतं.

एकट्या सिंधुबाई काकूने बघितलं. ती त्या वर्षी कुणाच्या तरी साखरपुड्याला भेटली, रंजिताला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुम्हना फोटो देखस मी मोबाईलमा. तो हात कोठे ठेवस, देखं का तू? दर फोटोमा मानवर. खांदावर नही, कंबरवर नही. वासरूनी मान धरतस तशी धरेल शे." आणि मग, आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं की माझं घर गिरणीसमोर आहे, दार आतून लागतं, येशील तेव्हा ये. चष्मा लावून, मोबाईल नाकाशी धरून, त्या अडाणी म्हाताऱ्या बाईने फोटोतून जे वाचलं ते शिकल्यासवरल्यांना शंभर फोटोंतून वाचता आलं नव्हतं. त्याच बाईच्या मोबाईलमध्ये आता हा फोटो होता. या विचाराशी रंजिता येऊन थांबे आणि पुढे जाता येत नसे. राग कोणावर करायचा? दगड मारणाऱ्यावर राग करता येतो. तोंडात घास घालणाऱ्यावर कसा करायचा?

आणि तो घास काही साधा नव्हता. त्यांच्या भाऊबंदकीत कानबाईचा रोट म्हणजे फक्त कुळाचा. दळण घालताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू पडतो, बायका त्यात मोजल्या जात नाहीत, आणि लग्न होऊन गेलेली लेक तर रोटाला हातही लावत नाही. ती परक्या कुळाची. रोट घराबाहेर जात नाही, आणि रोट घरात आहेत तोवर परका माणूस घरात येत नाही. पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनी तो संपवायचा. ताटात कण उरला तरी रोट आहे असंच धरायचं. लहानपणी रंजिताने या रोटावर यथेच्छ ताव मारलेला, आणि लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात माहेरी आली तेव्हा आईनेच तिच्यासमोरून ताट उचलून नेलं होतं. आई रडली होती, पण ताट नेलं होतं. या वर्षी भाऊबंदांची कानबाई काकूच्या घरी बसली. माणसांनी घर भरलं. रंजिता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, सवयीने. सगळे खाऊन झाल्यावर काकू तिच्यापुढे ताट घेऊन आली, हाताला धरून तिला बाहेर देव्हाऱ्यापाशी ओढलं आणि सगळ्यांसमक्ष म्हणाली, "खाय वं माय. दळणमा तुन्ही मूठ टाकेल शे मी. सव्वा मूठ. पुरुषना बरोबर. तू कोठे परकी शे?" एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि रंजिताने डोळे मिटून तोंड उघडलं. तो गोड, जाडसर, तुपात भिजलेला तुकडा जिभेवर पडला तेव्हा तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटातून रडू फुटलं. ती कुठेतरी होती. नाहीशी होण्यापेक्षाही मोठं सुख होतं ते. त्याच क्षणी कोणीतरी फोटो काढला असणार. कोणी, ते तिने बघितलं नाही. डोळे मिटलेले होते.

"मीच सांगं काढाले," काकू म्हणाली. राखेचे हात लुगड्याला पुसत ती आत आली होती आणि रंजिताचा चेहरा बघून दारातच थबकली होती. "उधनाना नवनीतले सांगं मी, फोटो काढ, माले दे. आनि भाऊबंदकीना ग्रुपमा टाका. तठे सगळा आपलाच लोके शेत. रोट बाहेर जास का कधी?" तिच्या दृष्टीने ते सरळ होतं. ज्यांनी रोट खाल्ला त्यांनाच फोटो वाटला. कुळाचं ते कुळात राहतं, पिढ्यान्‌पिढ्या राहिलं आहे, एक कण उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. फोटो बाहेर जाईल हे तिच्या डोक्यात यावं तरी कसं? पण नवनीत पडला हौशी. सुरतेच्या उधन्यात साडीच्या कारखान्यात काम करतो, वर समाजसुधारणा करतो. त्याला वाटलं, आपल्या काकूने एवढं मोठं काम केलं, ते जगाला कळायला नको? त्याने चांगल्या मनाने ते पानावर चढवलं. यात वाईट कुणीच नव्हतं, आणि याचीच रंजिताला भीती वाटली. वाईट माणसापुढे हात जोडता येतात, पाया पडता येतं. इतक्या सगळ्या चांगल्या माणसांना थांबवायचं कसं?

काकूला समजावायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती खाटेवर बसली आणि बराच वेळ मोबाईलवर बोट टेकवत, पुसत, पुन्हा टेकवत राहिली. मग सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "हाई देख. डिलीट करी टाकं. मन्हा मोबाईलमा काहीच नही शे आते. मिटनं." रंजिताने बघितलं. ग्रुपमध्ये फोटो दिसत नव्हता खरा, पण काकूने फक्त आपल्यापुरता पुसला होता. "काकू, तुन्हा मोबाईलमाईन गयं. बाकी लोकेसना मोबाईलमा शेच ना." काकू हसली नाही, रडली नाही. तिने मोबाईल उताणा ठेवला, मग पालथा ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आलेली ती बाई आपल्या उघड्या तळहाताकडे बघत बसली.

नवनीतला फोन केला. तो ओशाळला, ताबडतोब काढतो म्हणाला, आणि त्याने काढलाही. पण तोवर दुसऱ्या तीन पानांनी तो उचलला होता, एकाने त्याला गाणं लावलं होतं. रंजिता एकेक पान उघडून बघत राहिली. आता ती माणूस म्हणून नव्हे, पाठलाग करणारा शिकारी म्हणून तो फोटो बघत होती. योगेंद्रच्या डोळ्यांनी. नऊ वर्षांत त्याचे डोळे तिला पाठ झाले होते. तो आधी काय बघेल? चेहरा नाही. चेहरा त्याला माहीत आहे. तो मागचं बघेल. मागे काकूचं दार उघडं होतं, कानबाईच्या दिवशी दार उघडंच असतं. दारातून समोरची भिंत दिसत होती, सरलाबाईच्या गिरणीची, पिवळी. भिंतीवर हिरव्या रंगात 'जय कानबाई पिठाची गिरणी' आणि खाली मोबाईल नंबर. फोटो बोटांनी मोठा केला की नंबर वाचता येत होता. शेवटचा आकडा पानाफुलांच्या तोरणाआड होता. रंजिताने मनातल्या मनात शून्यापासून नऊपर्यंत आकडे लावून बघितले. दहाच तर फोन. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होतात. आणि तिच्या मागे, फोटोच्या कडेला, अर्धी कापली गेलेली पलक होती. रिकाम्या हाताची, रोटाकडे बघणारी, आणि तरीही कॅमेऱ्याच्या दिशेने ओठ फाकलेले.

संध्याकाळी त्याची टिप्पणी आली. शिव्या नव्हत्या, प्रश्न नव्हता. लाल बदामांच्या रांगेत, हात जोडणाऱ्या परक्या लोकांमध्ये, त्याचं नाव, त्याचा चष्मा घातलेला हसरा फोटो आणि तीन शब्द: 'छान आलाय फोटो.' त्याखाली कोणा भल्या माणसाने त्यालाही बदाम दिला होता.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. काकूने हिलालला फोन लावला, स्पीकरवर. तो कानबाईलाही आला नव्हता. बहीण नवऱ्याला सोडून आली म्हणून गावात मान खाली घालावी लागते, हा त्याचा राग, आणि त्याच लाजेपायी ती कुठे आहे हेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तरी काकूने त्याच्या नावाची सव्वा मूठ दळणात टाकली होती आणि त्याच्या वाट्याचा रोट फडक्यात बांधून ठेवला होता, आज ना उद्या येईल म्हणून. हिलालने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "माले एकलाले काय इचारस, काकू? ग्रुपवर टाक. मोठा लोके काय म्हनतस ते देखूत." काकूने फोन ठेवला आणि त्याच्या नावाने एक शिवी हासडली, जी रंजिताने तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. क्षणभर दोघी हसल्या. मग काकू म्हणाली पोलिसात जाऊ. रंजिता मनात म्हणाली, पोलीस विचारतील, त्याने काय केलं? 'छान आलाय फोटो' असं म्हणाला, साहेब.

सकाळी सरलाबाई आली, पिठाने पांढरी झालेली. गिरणीवाली बाई स्वभावाने मोकळी, पोटात काही ठेवायची नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "वं सिंधुबाई, तुम्हना जवाईना फोन उनथा काल गिरणीवर! पत्ता इचारी ऱ्हायना व्हता. मी सांगं, गिरणीना समोरच घर शे. केवढा गोड बोलस वं! म्हने, सांगू नका, सरप्राईज देवानं शे. पन मन्हा पोटमा कोठे ऱ्हास काही." आणि आपल्या हाताने एक चांगलं काम झालं या आनंदात ती हसत राहिली. तिच्या हसण्याकडे बघताना रंजिताला वाटलं, या बाईला आता सांगितलं तर ती ऊर बडवून घेईल. सांगून काय होणार? तिने मान हलवली, आणि सरलाबाई गिरणीचा पट्टा चढवायला परत गेली.

रंजिताने पिशवी भरली. पलकचे दोन फ्रॉक, दुधाची बाटली, काकूने हातात कोंबलेल्या नोटा. धडगावला काकूच्या ओळखीची एक अंगणवाडीवाली होती. डोंगरात जीपने जायचं, घाटाच्या वर मोबाईलला रेंजही धड नसते म्हणतात. ती मागच्या दाराने निघाली, तोंडाला ओढणी बांधून. इतक्या दिवसांनी रस्त्यावर पाऊल टाकलं तर पाय ओळखीचेच वाटेनात. ऊन पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटलं. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने ओढणीवरच्या डोळ्यांकडे बघितलं, मग पलककडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "ताई, तुम्ही त्या रोटवाल्या ताई ना? ही पोरगी फोटोमा मांगे उभी शे ती! मन्ही बहीण काल रडनी देखीसन. जीपपावत सोडस मी तुम्हले, पैसा नको. एक सेल्फी मातर द्या." त्याने मोबाईल काढला. मोबाईल वर जाताच पलक हसली. रंजिता तिथे उभी राहिली. धडगावच्या जीपमध्येही कोणीतरी असेल, ज्याची बहीण रडली असेल. अंगणवाडीत असेल. पुढे काठी गावच्या डोंगरात असेल. घर सोडून पळता येतं, पण तोंड कुठे ठेवून पळणार? ती काही न बोलता मागे फिरली. रिक्षावाला मागून म्हणत होता, काही चुकलं का ताई, माफ करा. तोही चांगला माणूस होता.

तो दुपारी आला. गाडी सुरतेहून येते त्या सुमारासच. रंजिता मशीनवर बसली होती, शिक्षिकाबाईंच्या साडीचा ओढला गेलेला धागा सुईच्या टोकाने सारखा करत. बंद खिडकीआडून तिने आधी पावलं ऐकली, मग ती थांबल्याचं ऐकलं, मग गिरणीच्या आवाजावरून सरलाबाईचा आवाज: "या, या, हाईच घर!" मग दारावर टकटक. जोरात नाही. तो दारावर कधीच जोरात वाजवत नसे. काकूने कडी काढली आणि उंबऱ्याच्या आत, दोन्ही चौकटींना हात लावून उभी राहिली. तिच्या दंडाखालून रंजिताला त्याचे पॉलिश केलेले बूट दिसले आणि मिठाईचा खोका दिसला.

"नमस्कार करतो, काकू," तो म्हणाला. योगेंद्र रागात असला की शुद्ध बोलायचा. रंजिताच्या मानेवरची लव उभी राहिली, बरोबर जिथे त्याचा अंगठा टेकत असे तिथे.

"जवाईबापू, पाय बाहेरच ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाली. हात चौकटीवर घट्ट होते. "रोट शेत घरमा. सरतस नही तोपावत परका मानूस घरमा येत नही आम्हनामा."

सरलाबाई गिरणीच्या दारात आली होती, डबे घेऊन आलेल्या दोन बायका थांबल्या होत्या. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. योगेंद्रलाही ठाऊक होती, तोही खान्देशातलाच. तो एक पाऊल मागे सरला, अदबीने. "रीत मोडायला नाही आलो, काकू. तुम्ही तिला रोट भरवलात, सगळ्या जगाने पाहिलं. ती तुमची झाली. मान्य. मी तिच्यासाठी आलेलो नाही." त्याने मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि काकूच्या डोळ्यांसमोर धरला. "पण ही बघा मागे. माझी मुलगी. हात रिकामे, तोंड रिकामं. तिला नाही ना दिलात तुम्ही? बरोबरच केलंत. ती माझ्या कुळाची. मग माझं माणूस मला द्या, मी जातो."

काकूचे हात चौकटीवरून ढिले झाले. रंजिताने ते बघितलं. त्या फोटोत योगेंद्रने जे वाचलं होतं ते काकूच्याही नजरेतून सुटलं होतं, आणि रीतही तेच म्हणत होती. बाहेरच्या बायकांपैकी एकीने मान हलवली, खरं आहे, पोर बापाचीच. रंजिताच्या डोक्यात गिरणीचा पट्टा फिरत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पलक कॉटखाली भातुकली मांडून बसली होती. बापाचा आवाज ऐकून ती बाहेर आली नव्हती, आणखी आत सरकली होती. ते बघितलं आणि रंजिता उठली. घरात उरलेला शेवटचा रोट बांधलेलं फडताळातलं फडकं तिने सोडलं. "वं माय, तो हिलालना वाटा शे," काकू मागे वळून पुटपुटली. "त्याले ग्रुपवर इचारी ले," रंजिता म्हणाली. आपल्या तोंडून हे कोण बोललं, तिचं तिलाच कळलं नाही. तिने रोट ताटात काढला, पलकला कॉटखालून ओढून कडेवर घेतलं, आणि काकूच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत, उजेडात जाऊन उभी राहिली. तोंडावर ओढणी नव्हती. तिने तुकडा मोडून पोरीच्या तोंडात घातला. मग दुसरा. पोर गिळायच्या आत तिसरा. "खा," ती म्हणत होती, "खा बेटा, खाय." भावाचा सगळा वाटा तिने लेकीच्या पोटात घातला. तुपाचा ओघळ पलकच्या हनुवटीवरून रंजिताच्या मनगटावर आला.

योगेंद्रने अडवलं नाही. त्याने शांतपणे मोबाईल वर धरला. "हस," तो म्हणाला.

रंजिता हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या मोबाईलसमोर ती हसली नाही, आणि तिला वाटलं आता आभाळ कोसळेल. पण तिच्या कडेवर, गच्च भरलेल्या गालांनी, पलक हसली. ओठ फाकले, दातांत रोट दिसत होता, डोळे मात्र भेदरलेले होते. रंजिताने पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. उशीर झाला होता. फोटो निघाला होता. योगेंद्रने तो तपासला, खिशात घातला, आणि रिकाम्या ताटाकडे बोट करून अगदी सहज, आठवण करून द्यावी तसं म्हणाला, "संपले ना रोट, काकू?"

सरलाबाईने गिरणी बंद केली. तिच्या पांढऱ्या चेहऱ्यावरचं हसू आता कुठे नव्हतं. काकूने ताट रंजिताच्या हातातून घेतलं, चष्मा सावरून उन्हाकडे कलतं केलं. मग ती उंबऱ्यावर बसली, आडवी, दार पुरतं अडवून, ताट मांडीवर घेऊन. "कन शेत आजून," ती म्हणाली. "देखाई ऱ्हायनात ना? कन शेत."

योगेंद्र हसला. त्याला घाई नव्हती. घर सापडलं होतं. तो समोर गिरणीच्या बाकावर जाऊन बसला, मिठाईचा खोका मांडीवर ठेवून, पायावर पाय टाकून. रंजिताने पलकला आत खाटेवर ठेवलं, बाहेर आली आणि काकूच्या बाजूला उंबऱ्यावर बसली. ताटाच्या कडेला तुपात चिकटलेले चार-दोन कण होते, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरू लागली होती. ती ओढणीच्या पदराने मुंग्या वारत राहिली.